माग घरात, घर मागावर

येवल्यातील पैठणी विणणाऱ्या घरात पाऊल टाकले की प्रथम दृष्टीस पडतो तो माग. इतर घरांत जेथे पाहुणे बसतात, दूरचित्रवाणी संच असतो, ती उजेडाची आणि वावराची जागा अनेक विणकर घरांत मागाने घेतलेली असते. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पावड्या, काठावर बसलेला विणकर आणि त्याच्यासमोर ताणलेले रेशीम. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, रात्रीची अंथरुणे हे सारे मागाने सोडलेल्या जागेत. घरून चालणाऱ्या हस्तव्यवसायाची थोरवी सांगताना ‘घर सांभाळून काम’ हे शब्द हमखास येतात. पैठणीच्या घरात हे सांभाळणे प्रत्यक्षात कोण करते आणि साडीच्या किमतीत त्याचा हिशेब धरला जातो का, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

नाव पैठणचे असले तरी नाशिक जिल्ह्यातील येवला शहर आणि त्याच्या परिसरातील गावे हे आज या वस्त्राचे मोठे केंद्र आहे. रेशीम मुख्यत्वे बंगळूरकडून येते, जर सुरतेहून. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. ज्याच्या हातून साडी उतरते त्या विणकराचे स्थान मात्र तीन प्रकारचे असते. काही विणकर स्वतःच्या भांडवलावर रेशीम घेतात, स्वतःच विकतात. काहींचा माग स्वतःचा, पण रेशीम व जर व्यापाऱ्याची आणि मोबदला साडीमागे ठरलेली मजुरी. तिसरा वर्ग दुसऱ्याच्या मागावर बसणाऱ्यांचा. पहिल्या दोन प्रकारांत काम घरात येते, आणि कामाबरोबर सारे कुटुंब त्यात ओढले जाते.

न मोजलेली कामे

पैठणी म्हणजे केवळ विणणे नव्हे. रंगवलेल्या रेशमाच्या लडी असारीवर चढवायच्या, त्या उलगडायच्या, बाण्यासाठी कांड्या भरायच्या, ताणा तयार करायचा. जुना ताणा संपला की नव्या ताण्याचा प्रत्येक धागा जुन्याच्या टोकाला जोडायचा, हीच सांधणी. धाग्यांची संख्या हजारांत असते आणि एक धागा चुकला तरी तो कापडात दिसतो. त्यानंतर प्रत्यक्ष विणकाम. साडीच्या अंगात धोटा धावतो. पदरात मोर, मुनिया, कमळ किंवा असावली उतरवायची असेल तर प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली हाताने फिरवावी लागते. रंग बदलतो तेथे धागे एकमेकांत अडकवून घेतले जातात. म्हणूनच अस्सल हातविणीच्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते, तेथे मोकळे धागे लोंबत नाहीत. साधा पदर असेल तर साडी काही आठवड्यांत उतरते. ब्रोकेडला महिने लागतात आणि नक्षी फार दाट असेल तर वर्षही पुरत नाही.

या कामांची घरातील वाटणी कशी होते, हे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. काही कामे मध्येच सोडून उठता येतात, काही येत नाहीत. पदराचे काम सुरू असताना विणकर उठला तर कोणती तिल्ली कोणत्या धाग्यापाशी होती, याचा मेळ पुन्हा बसवावा लागतो. ठोक्याचा जोरही एकसारखा राहावा लागतो. तो बदलला की कापडात पट्टा उमटतो. सांधणीही सलग बैठक मागते. कांडी भरणे मात्र कोठेही थांबवता येते. कुकरची शिट्टी झाली, नळाला पाणी आले, बाळ उठले, दारात कोणी आले, तर रहाट थांबवून उठावे आणि परत येऊन पुढे सुरू करावे. कांडीचे त्यात काही बिघडत नाही.

जे काम तोडता येते, ते ज्याच्या वेळेचे सतत तुकडे पडतात त्याच्याकडे, म्हणजे बहुतेक घरांत स्त्रीकडे जाते. आणि साडीची मजुरी ठरते ती मागावरच्या दिवसांवर. ‘ही साडी किती दिवसांची?’ या प्रश्नाचे उत्तर विणकर पावडीवर घालवलेल्या दिवसांत देतो. कांड्यांचे तास त्या उत्तरात नसतात. समजा, एका साडीला ४० दिवस लागले आणि घरातील स्त्रीने रोज दोन तास पूर्वतयारीत घातले, तर ते ८० तास होतात. आठ तासांच्या दिवसाने दहा दिवस. हे दहा दिवस कोणत्याही पावतीवर येत नाहीत. व्यापारी लबाड असतो म्हणून ते सुटतात असेही नाही. घरातच त्यांची नोंद होत नाही, तर व्यापाऱ्याने ती करावी कशाच्या आधारे?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत सहा वर्षांवरील ज्या व्यक्ती घरकाम करतात, त्यांच्यातील स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटे व पुरुषांचा ८८ मिनिटे आढळला. म्हणजे माग घरात नसतानाही सुमारे पावणेपाच तास स्वयंपाक, धुणी, झाडलोट यांतच जातात. पैठणीच्या घरात कांडीचे तास या वेळेतून वजा होत नाहीत. ते त्यावर चढतात. झोप आणि विसावा, एवढ्यातूनच ते काढले जातात.

चौथ्या हातमाग गणनेनुसार (२०१९-२०) देशात ३५.२२ लाख विणकर व संलग्न कामगार असून त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. हातमाग म्हणजे स्त्रियांचाच उद्योग, असा निष्कर्ष या आकड्यावरून काढला जातो. तो जपूनच घ्यावा. देशातील विणकर कुटुंबांचा मोठा हिस्सा ईशान्येकडील राज्यांत आहे, तेथे घरोघरी स्त्रिया मागावर बसतात आणि बरेचसे कापड घरातच वापरले जाते. येवल्याची परंपरा निराळी: माग पुरुषाचा, तयारी स्त्रीची. देशाचा आकडा येथे जसाच्या तसा लावला तर नेमका हा फरक झाकला जातो.

नियमित श्रमबल पाहणीत ‘घरगुती उद्योगातील मदतनीस’ असा एक वर्ग असतो. घरच्या धंद्यात राबणारी, पण स्वतंत्र मोबदला न मिळणारी व्यक्ती त्यात मोडते आणि तिची गणना स्वयंरोजगारात होते. विणकराच्या घरातील स्त्री अशा रीतीने सरकारी तक्त्यात स्वयंरोजगारी ठरते. रोजगार आहे, मिळकत शून्य.

मोजले की फरक पडतो

घरून होणारे काम मोजताच येत नाही, हे खरे नाही. महाराष्ट्रात त्याची दोन जुनी उदाहरणे आहेत. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडची रीत अनेकांना ठाऊक आहे. मळलेले पीठ केंद्रावरून घरी न्यायचे, पापड लाटून वाळवून परत आणायचे आणि वजनावर मोबदला घ्यायचा. पापड कोणत्या वेळी लाटले, मध्ये कितीदा उठावे लागले, हे कोणी विचारत नाही. लाटलेला पापड मात्र तोलला जातो. दुसरे उदाहरण विडी कामगारांचे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले आणि त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. विडी कामगारांची परिस्थिती चांगली आहे असे कोणी म्हणणार नाही. पण निदान तिच्याविषयी भांडायला हातात एक संख्या आहे. कांडी भरणाऱ्या स्त्रीकडे तीही नाही.

एक फरक येथे मान्य करावा लागेल. विडी किंवा पापड करणारी स्त्री बाहेरच्या कोणासाठी काम करते. पैठणीच्या घरात ती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या मागासाठी कांड्या भरते. मजुरी मागायची तर ती घरच्यांकडेच. अहमदाबादला १९७२ मध्ये इला भट्ट यांनी ‘सेवा’ स्थापन केली तेव्हापासून घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रियांना कामगार म्हणावे, ही मागणी होत आली. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगार कायद्यात आणि नंतर २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. परंतु ती मोबदला घेऊन कोणा मालकासाठी वस्तू बनवणाऱ्याची आहे. मोबदलाच नसलेली मदतनीस तिच्या कडेलाच राहते.

अलीकडच्या काळात येवल्यात स्त्रिया स्वतः मागावर बसू लागल्या आहेत आणि परंपरेने विणकर नसलेल्या समाजांतूनही माणसे या कामात आली आहेत. स्त्रीच्या नावाची साडी मागावरून उतरली की मजुरी तिच्या नावे लागते. हा बदल लहान नाही. पण मग कांड्या कोण भरणार, हा प्रश्न उरतोच. काही घरांत सासू भरते, काही घरांत पैसे देऊन बाहेरून भरून घेतल्या जातात. कांडीला दर असतो हे घरातल्यांना कळते ते बहुधा अशाच वेळी. घरची बाई भरत होती तोवर तो शून्य होता.

मुलांचा विषय नाजूक आहे. माग घरात असल्याने मूल धाग्यांच्या रंगांतच वाढते आणि कसब नकळत हाती येते, हे खरेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या हे ज्ञान असेच टिकले. कायदा मात्र स्पष्ट आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी असून, कुटुंबाच्या उद्योगात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत मदत करण्यापुरता अपवाद आहे. धोकादायक ठरवलेल्या कामांना तोही नाही. लगीनसराईच्या तोंडावर, साडी ठरल्या तारखेला द्यायची असताना, घरातील मोठ्यांनी ही रेषा पाळावी लागते. शाळा बुडते ती बहुधा अशाच दिवसांत.

जागा आणि नाव

जागेचा ताण कमी समजू नये. रेशमाला धूर, तेलाचे व हळदीचे हात आणि ओल सोसत नाही. पावसाळ्यात खड्डामागाच्या खड्ड्यात ओल धरते, हवेतील दमटपणाने ताण्याचा ताण बदलतो. फोडणीचा धूर मागाकडे जाऊ नये म्हणून स्वयंपाकाची वेळ बदलणारी घरे आहेत. पाहुणे आले तर त्यांना बसवायचे कोठे, हा प्रश्न तर रोजचाच. घरालगत स्वतंत्र कामशेड असावी, यासाठी राष्ट्रीय हातमाग विकास कार्यक्रमात (२०२१-२२ ते २०२५-२६) विणकरांना अर्थसाह्याची तरतूद ठेवण्यात आली. शेडने माग घराबाहेर जातो, पण हाकेच्या अंतरावर राहतो. त्याचा दुसरा परिणाम फारसा बोलला जात नाही: शेडमध्ये जाऊन केलेले काम घरातल्यांनाही ‘काम’ वाटू लागते.

नावाचा मुद्दाही तेवढाच व्यवहाराचा आहे. हातमाग गणनेत नोंद झालेल्यांना ओळखपत्र मिळते आणि ते केवळ विणकरांपुरते नाही, पूर्वतयारी करणाऱ्या संलग्न कामगारांनाही आहे. सवलतीचे कर्ज, विमा यांची वाट त्या कार्डावरून जाते. घरात माग एक, म्हणून कार्डही एकच, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. कांडी भरणारीची नोंद स्वतंत्र होऊ शकते. याउलट १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत पती, पत्नी व अविवाहित मुले मिळून एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ घेता येतो. त्या योजनेच्या १८ व्यवसायांत हातमाग विणकर नाहीत. पण कुंभार, बुरूड, शिंपी, खेळणी करणारे आहेत, आणि या साऱ्यांच्या घरी दोघे राबत असतात. नाव कोणाचे घालायचे, हे घरातच ठरते. बहुतेक ठिकाणी ते कोणाचे ठरत असेल, हे वेगळे सांगायला नको.

यंत्रमागावरची नक्कल बाजारात हातविणीच्या पैठणीशेजारीच मांडली जाते आणि तिची किंमत हातमागाच्या मजुरीहूनही कमी असू शकते. भाव पडला की विणकरापुढे दोन मार्ग उरतात: नक्षी विरळ करायची किंवा दिवस वाढवायचे. दिवस वाढले की कांड्यांचे तासही वाढतात. ज्या विणकरांनी साडीवार वही ठेवली, तीत रेशीम आणि जर यांच्याबरोबर रंगणावळ, सांधणी व कांडीचे तास घरच्यांच्या नावानिशी लिहिले, त्यांना निदान कोणत्या भावाखाली साडी देणे परवडत नाही, हे सांगता येते. वही साधी शंभर पानी असली तरी चालते. तीत कांडीचा रकाना आधी आखलेला हवा. साडी उतरल्यावर आठवून लिहायला बसले की तेवढेच तास कोणाला आठवत नाहीत.