शिलाँगच्या हादऱ्यातून पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत

पुण्यात गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली ती २२ जून १८९७ च्या रात्री. त्याच्या दहाच दिवस आधी, १२ जूनच्या शनिवारी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास, तेव्हाच्या आसामात शिलाँगचे पठार हादरले. पहिली तारीख मराठी माणसाला पाठ असते, दुसरी बहुतेकांच्या कानावरूनही गेलेली नसते. पृथ्वीच्या पोटात काय आहे, याचा माग मात्र या दुसऱ्या तारखेपासून लागत गेला.

शिलाँगमधल्या दगडी इमारती काही सेकंदांत जमीनदोस्त झाल्या. चेरापुंजीच्या बाजूला डोंगरउतार कोसळून गावे गाडली गेली. हादरे पार दिल्लीपर्यंत जाणवले, कोलकात्यातल्या इमारतींना तडे गेले. सुमारे दीड हजार माणसे दगावली. इतक्या मोठ्या भूकंपाच्या मानाने हा आकडा कमी वाटतो. त्याचे एक कारण वेळ हे होते: संध्याकाळी पुष्कळ लोक घराबाहेर होते. त्यानंतर तिथल्या लोकांनी दगडाचा नाद सोडला. लाकडी सांगाडा, इकरा नावाच्या बोरूसारख्या गवताच्या लिंपलेल्या भिंती आणि वर पत्रा, अशी हलकी घरे बांधली जाऊ लागली. ‘आसाम पद्धतीची घरे’ म्हणून ती ओळखली जातात.

या भूकंपाचा तपास केला रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी. कोलकात्याच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत ते अधिकारी होते. त्यांचे वडील थॉमस ओल्डहॅम याच संस्थेचे पहिले प्रमुख. वडिलांनी भारतातल्या जुन्या भूकंपांची यादी तयार केली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने प्रसिद्ध केली. भूकंपाच्या नोंदी ठेवायच्या असतात, हे या घरात नव्याने सांगावे लागत नव्हते.

ओल्डहॅम यांची नजर बारीक होती. जमिनीत रुतलेले मोठे धोंडे काही ठिकाणी आपल्या खळग्यातून बाहेर पडले होते, पण खळग्याच्या कडा जशाच्या तशा होत्या. धोंडा लोळत बाहेर आला असता तर कड ढासळली असती. म्हणजे तो थेट वर उडाला होता. गुरुत्वाकर्षणावर मात करण्याइतका तो झटका जबर होता! गारो टेकड्यांत चेड्रांग नावाच्या ओढ्याकाठी जमीन चिरली गेली होती. चिरेची एक बाजू काही ठिकाणी दहा मीटरहून जास्त उचलली गेली होती. ओढ्यावर कुठे नवे धबधबे, तर कुठे डोह तयार झाले होते. हे सारे त्यांनी १८९९ च्या जाडजूड अहवालात नोंदवले.

पण खरा खजिना सापडला तो युरोपात. हजारो किलोमीटर दूर इटलीतल्या वेधशाळांतल्या यंत्रांनीही हा भूकंप टिपला होता. ती आलेखपत्रे ताडून पाहताना ओल्डहॅम यांच्या लक्षात आले, की लहरी तीन टप्प्यांत येतात. आधी वेगवान प्राथमिक लहरी, मागून दुय्यम, आणि शेवटी जमिनीच्या पृष्ठभागावरून सरकत येणाऱ्या. पहिल्या दोन्ही थेट पृथ्वीच्या पोटातून येत होत्या. कलिंगड न कापता टिचकी मारून आतले ओळखावे, तशी पृथ्वी न खणता तपासण्याची वाट त्यामुळे खुली झाली.

प्रकृतीच्या कारणाने ओल्डहॅम १९०३ मध्ये नोकरी सोडून इंग्लंडला गेले. १९०६ मध्ये त्यांनी अनेक भूकंपांच्या नोंदी मांडून दाखवले, की पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला लहरी अपेक्षेपेक्षा फार उशिरा पोहोचतात. म्हणजे मधोमध वेगळ्याच पदार्थाचा गाभा असला पाहिजे. त्याचा आकार त्यांनी प्रत्यक्षाहून लहान धरला होता. पण गाभा आहे, हे सिद्ध झाले होते.

पुढचे शोध भराभर लागले. १९०९ मध्ये झाग्रेबजवळच्या भूकंपावरून आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांना भूकवचाची खालची सीमा सापडली. त्याखालचे प्रावरण सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर संपते, हे बेनो गुटेनबर्ग यांनी दाखवले. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत आणि गाभ्यातूनही जात नाहीत. हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये गाभा द्रवरूप असल्याचे मांडले. द्रवाच्याही आत आणखी एक गाभा आहे, हे १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी ओळखले. तो घन आहे, हे नंतर कळले.

शिलाँग का हादरले, हे मात्र ओल्डहॅम यांना नीट सांगता येणे शक्यच नव्हते. भूकवच आणि त्याला लागून असलेला प्रावरणाचा वरचा कठीण भाग मिळून सरकणारे भूपट्ट बनतात, हा सिद्धांत १९६० च्या दशकात रुजला. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकत आशियाला रेटतो आहे. त्याच दाबाखाली शिलाँगचे पठार उचलले गेले आहे. भूकंपाआधीची आणि नंतरची सर्वेक्षणाची मोजमापे पुन्हा तपासून रॉजर बिलहॅम आणि फिलिप इंग्लंड यांनी २००१ मध्ये सांगितले, की पठाराच्या उत्तर कडेखाली दडलेल्या एका भ्रंशावर त्या दिवशी खडक दहा मीटरहून जास्त सरकले होते. त्या भ्रंशाला त्यांनी नाव दिले ‘ओल्डहॅम भ्रंश’.

भूकवच, प्रावरण, गाभा ही वर्तुळे आपली मुले शाळेत दरवर्षी काढतात आणि रंगवतात. भूगोलाच्या शिक्षकांनी त्या तासाला भिंतीवरच्या भारताच्या नकाशात शिलाँगवर एकदा बोट ठेवावे आणि १८९७ ची ही हकिकत मुलांना सांगावी.