यंत्राची उजळणी

२१ जून १९४८ रोजीं मँचेस्टर विद्यापीठांतील गणकयंत्रानें आज्ञा आणि आंकडे एकाच विद्युत्स्मृतींत सांठवून पहिलें गणित सोडविलें. त्यास ५२ मिनिटें लागलीं. फ्रेडरिक विल्यम्स व टॉम किलबर्न यांनीं ही स्मृति कॅथोड-किरण नळीच्या पडद्यावर विद्युद्भाराच्या १०२४ ठिपक्यांनीं घडविली होती. परंतु ठिपका क्षणार्धांत विरे. म्हणून यंत्र तो वाचून पुन्हां पुन्हां लिही. पाढे पाठ राहावयाचे तर उजळणी हवीच!

पुढें १९६६ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट डेनार्ड यांनीं एका ट्रान्झिस्टरानें व भार सांठविणाऱ्या एका कपॅसिटरानें एकेक खूण राखण्याची युक्ति योजिली. तोहि भार गळतोच. म्हणून आजच्या संगणकाची कार्यस्मृति दर सेकंदास अनेकवार उजळणी करते. वीज गेली कीं उजळणी थांबते आणि अन्यत्र न जपलेलें सारें लोपतें.