रुप्याचे तोडे आणि टांकसाळीचें दार

सोनें कमरेखालीं घालूं नये असा आपल्याकडील जुना संकेत आहे. सोनें म्हणजे लक्ष्मी. ती पायीं कशी घालावी? म्हणून जोडवीं, विरोद्या, मासोळ्या, वाळे, तोडे, पैंजण हा पायांचा सारा साज रुप्याचा झाला. हें स्पष्टीकरण खोटें नाहीं, पण तें सुखवस्तु घरांपुरतेंच पुरें पडतें. कुणब्याच्या किंवा धनगराच्या घरांत गळ्यांतली सरी, हातांतले गोठ, दंडांतली वाकी आणि पुरुषाच्या कमरेचा करदोडा हींहि रुप्याचींच असत. तेथें रुपें म्हणजे कमी प्रतीचें सोनें नव्हे. घरची तिजोरीच ती.

१८३५ च्या कायद्यानें कंपनीच्या मुलखांत सर्वत्र एकच रुपया चालू झाला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. त्याचे बारा भाग केले तर अकरा भाग शुद्ध रुपें. त्यामुळें रुपया हाच नाणें, वजन आणि सोनाराचा कच्चा माल होऊन बसला. सुगीनंतर शेतकऱ्यानें रुपये सोनाराच्या हातीं द्यावे, मजुरी वेगळी द्यावी, आणि मुलीला वाळे करून घ्यावे. अडचण आली कीं तीच वाट उलट चालावी. कारण टांकसाळीचें दार सर्वांस उघडें होतें. शेंकडा सुमारें दोन रुपये खर्च कापून घेऊन सरकार आणलेल्या रुप्याचे रुपये पाडून देई. खेड्यांतला माणूस स्वतः मुंबईच्या टांकसाळींत जात नसे, हें उघड आहे. पण सराफ जात, आणि म्हणून गांवच्या बाजारांतहि रुप्याचा भाव रुपयापासून फार ढळत नसे. १८७६-७८ च्या दुष्काळांत दागिने याच वाटेनें मुंबईच्या टांकसाळींत येऊन पडले. जुने रुप्याचे अलंकार आज पाहावयास विरळा मिळतात, त्याचें एक कारण हें आहे. ते झिजले नाहींत, खाल्ले गेले.

२६ जून १८९३ रोजीं तें दार बंद झालें. त्यापूर्वीं वीस वर्षें रुप्याचा भाव जगभर घसरत होता. हिंदुस्थान सरकारास विलायतेंतील देणीं सोन्याच्या हिशेबानें द्यावीं लागत, त्यामुळें रुपया उतरला कीं सरकारी जमाखर्चांत तूट येई. लॉर्ड हर्शेल यांच्या समितीच्या सल्ल्यावरून खाजगी रुप्याचे रुपये पाडणें थांबलें, आणि रुपयाची किंमत त्याच्या अंगच्या रुप्यापासून तोडण्यांत आली. चलनशास्त्राच्या दृष्टीनें हा प्रश्न केवढा गुंतागुंतीचा आहे, हें डॉ. आंबेडकर यांच्या १९२३ च्या ग्रंथावरून दिसतें. त्यांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. आपणांस पाहावयाचें तें एवढेंच कीं, १८९९ च्या सुमारास रुपया सोळा पेन्सांचा होता, आणि त्यांतलें रुपें मात्र दहा पेन्सांच्या आसपास. म्हणजे शंभर रुपये आटवून केलेले दागिने मोडावयास नेले तर साठ-पासष्ट रुपयेच हातीं यावेत. आणि त्याच वर्षीं पाऊस पुनः गेला. सारा रुपयांत, सावकाराचें व्याज रुपयांत, आणि शिल्लक मात्र रुप्यांत!

ही शिल्लक होती तरी कोणाची? विवाहांत मिळालेले अलंकार हें धर्मशास्त्राप्रमाणें स्त्रीधन. जमीन नवऱ्याच्या नांवें, बैल नवऱ्याचे; बाईचें म्हणावें असें कांहीं असलेंच तर तें तिच्या अंगावर. समितीपुढें दागिन्यांचा प्रश्न निघालाच नव्हता असें नाहीं. परंतु साक्षी दिल्या त्या व्यापाऱ्यांनीं, पेढीवाल्यांनीं आणि अधिकाऱ्यांनीं. जिच्या पायांतले तोडे एका कायद्यानें स्वस्त झाले, तिला ही वार्ता बहुधा सोनाराच्या तराजूपाशींच कळली असावी.

पुढें १९४० सालीं रुपयांतलें रुपें निम्म्यावर आलें, आणि १९४७ सालीं निकलचा रुपया निघाला. हुपरीचे कारागीर आजहि पैंजण घडवितात, आणि नव्या सुनेच्या पायांतलीं जोडवीं अजून रुप्याचींच असतात. पण तीं हलकीं असतात. ज्यांच्या भारानें घोट्याला घट्टा पडे, असे तोडे आतां क्वचितच कोणी करवून घेतें.