अग्निबाण आणि आगबोट

पेशवेकालीन कागदपत्रांत तोफा आणि जेजाला यांच्या जोडीला 'बाण' हा शब्द वारंवार भेटतो. हा बाण धनुष्यावरचा नव्हे. दारूनें भरलेली नळी वेळूला बांधावयाची, वात पेटवावयाची आणि शत्रूच्या घोडदळावर ती सोडून द्यावयाची, असा हा बाण. हैदर आणि टिपू यांनीं ही नळी लोखंडाची केली. त्यामुळें दारू अधिक दाबून भरतां येऊं लागली आणि बाणाचा पल्ला वाढला. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांतील कांहीं बाण इंग्लंडला गेले. ते पाहून विल्यम काँग्रीव्ह यानें आपले बाण तयार केले, आणि १८०७ सालीं त्या बाणांनीं कोपनहेगन शहराला आगी लागल्या. पुढें तोफांच्या नळ्यांना आंतून आटे पडले, गोळा फिरत जाऊन नेमका लागूं लागला, आणि जेथें पडेल तेथें पडणारा हा बाण शोभेच्या दारूकामापुरता उरला.

तो पुन्हां रणांत आला तो विमानामुळें. याचें कारण अगदीं साधें आहे. तोफ गोळा पुढें फेंकते, तेव्हां स्वतः मागें हटते. किल्ल्याचा बुरूज किंवा जहाजाची पोलादी बैठक हा धक्का सोसूं शकते. विमानाचा पंख सोसूं शकत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांनीं मॉस्किटो जातीच्या कांहीं विमानांत ५७ मिलिमीटरची, तर अमेरिकनांनीं मिचेल जातीच्या कांहीं विमानांत ७५ मिलिमीटरची तोफ बसविली खरी. पण तें म्हणजे तोफेभोवतीं विमान गुंडाळण्यासारखेंच झालें. बाणाला हा अडथळा नाहीं. त्याचा जोर त्याच्याच पोटांत असतो. पंखाखालीं एक हलका रूळ लावला कीं झालें; बाण सुटतांना विमानाला धक्का म्हणून बसत नाहीं. १९१६ सालीं फ्रेंच आरमारांतील ल प्रिअर या अधिकाऱ्यानें विमानाच्या पंखांमधील खांबांना बाण बांधून जर्मनांचे टेहळणीचे फुगे पेटविले. १९३९ सालीं मंगोलियाच्या सीमेवर रशियन विमानांनीं जपानी विमानांवर बाण सोडले. समुद्रावर त्याचा उपयोग व्हावयाला मात्र १९४३ साल उजाडावें लागलें.

इंग्रजांचा हा बाण मूळचा विमानांवर जमिनीवरून सोडण्यासाठीं निघालेला. ३ इंच व्यासाची पोलादी नळी, तींत सुमारें ११ पौंड कॉर्डाइट, शेपटीला चार पंख, आणि पेटविण्यासाठीं विजेची तार. यापलीकडे त्यांत कांहीं नव्हतें. तोच उचलून विमानाच्या पंखाखालीं लावला. एका बाजूस चार, दुसऱ्या बाजूस चार. खरा प्रश्न होता डोक्याचा. दोन डोकीं तयार होतीं. एक २५ पौंडांचें, भरीव पोलादाचें, आंत दारूचा कणही नसलेलें. तें रणगाड्यांसाठीं केलेलें होतें. दुसरें ६० पौंडांचें, स्फोटक दारूनें भरलेलें. बोट बुडवावयाची तर यांपैकीं कोणतें लावावें? कोणीही शहाणा माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवील. आज घरोघरच्या संगणकांवर सुटे भाग जोडून विमानें रचण्याचे खेळ मुलें खेळतात; त्यांतही बोटीवर सोडण्याचा बाण स्वतः रचावयाचा झाला कीं मूल बहुधा प्रथम सर्वांत मोठें डोकेंच निवडतें, आणि बाण बोटीपर्यंत पोंचण्याआधींच पाण्यांत का पडला म्हणून विचारांत पडतें.

समुद्रानें उत्तर दिलें तें वेगळें. भरीव डोक्याचा बाण उथळ कोनांतून सोडला आणि तो बोटीच्या अलीकडे पाण्यांत शिरला, तर तो तळाला जात नाहीं. पाण्याखालून कांहीं अंतर तो जवळजवळ सरळ धांवतो आणि मग हळूहळू वर वळूं लागतो. या वाटेंत बोट असली तर तो तिला पाण्याच्या रेषेखालीं, म्हणजे तिच्या अगदीं वर्मावर लागतो. हवेंतला चुकलेला नेम पाण्यांत बरोबर ठरावा, असा हा प्रकार. ६० पौंडी डोक्याकडून पाण्याखालचें हें काम तसें होईना. रणगाड्यांवर जें फारसें चाललें नाहीं तेंच गरीब, भरीव डोकें पाणबुड्यांचा काळ ठरलें. पाणबुडीचें सारें संरक्षण तिच्या बुडी मारण्यांत असतें. तिच्या अंगाला साडेतीन इंचांहून थोडें लहान असें एक भोंक पडलें तरी ती बुडी मारूं शकत नाहीं, आणि वर राहिली तर तोफांच्या तोंडीं सांपडते.

नेम धरणें सोपें होतें असें मात्र नव्हे. बाणाच्या शेपटीचे पंख त्याला वाऱ्याच्या दिशेला वळवितात. विमान थोडें तिरकें सरकत असेल तर त्याचें नाक जिकडे आहे तिकडे बाण जात नाहीं. विमान ज्या दिशेनें खरोखर चाललें आहे त्या दिशेला जातो. त्यांत वजनामुळें तो खालीं झुकतो तें निराळेंच. म्हणून वैमानिकाला उथळ सूर मारून, हात जरासुद्धां न हलवितां, समोरून गोळ्या येत असतांना सरळ रेषेंत जावें लागे. ते कांहीं क्षण फार लांब वाटत असले पाहिजेत.

पहिला मान मिळाला तो एका जुनाट विमानाला. स्वोर्डफिश हें दुपंखी, कापडानें मढविलेलें, ताशीं १४० मैलांचा वेगही न गांठणारें विमान. बाणांच्या ज्वाळांनीं कापड पेटूं नये म्हणून त्याच्या खालच्या पंखांना खालून धातूचा पत्रा बसविण्यांत आला. २३ मे १९४३ रोजीं आर्चर या लहान विमानवाहू जहाजावरून उडालेल्या अशा एका विमानानें अटलांटिक महासागरांत यू-७५२ ही जर्मन पाणबुडी गांठली. एक बाण तिच्या मुख्य कवचांतून आरपार गेला. बुडी मारूं पाहणारी पाणबुडी परत वर आली. चकमकींत तिचा कप्तान मारला गेला आणि ती बुडाली. पांचच दिवसांनीं भूमध्य समुद्रांत हडसन जातीच्या विमानानें यू-७५५ हिची तीच गत केली. त्या एका महिन्यांत जर्मनीनें चाळिसांहून अधिक पाणबुड्या गमावल्या, आणि सेनापति डोनिट्झ यानें उत्तर अटलांटिकांतून आपल्या पाणबुड्या मागें घेतल्या. हें सारें बाणांचें काम नव्हे. रडार, लांब पल्ल्याचीं विमानें आणि उकललेल्या सांकेतिक लिपी यांचा वाटा त्यांत कितीतरी मोठा आहे. पण बाणाची गणना त्या महिन्यापासून आरमारी शस्त्रांत होऊं लागली.

पुढें उत्तर समुद्रांत ब्यूफायटर विमानांच्या तुकड्या जर्मन व्यापारी तांड्यांवर बाण घेऊन तुटून पडूं लागल्या. या हल्ल्यांतील सर्वांत प्रसिद्ध बळी मात्र आड्रिॲटिक समुद्रांतला. 'रेक्स' ही इटलीची ५१,००० टनांची उतारूबोट. १९३३ सालीं अटलांटिक सर्वांत जलद ओलांडण्याचा मान तिनें मिळविला होता. ८ सप्टेंबर १९४४ रोजीं ती ट्रिएस्टजवळच्या कापोदिस्ट्रियाच्या उपसागरांत निःशस्त्र, रिकामी पडलेली असतांना ब्यूफायटरांनीं तिच्यावर हल्ला केला. १२३ बाण लागल्याची नोंद आहे. ती या टोंकापासून त्या टोंकापर्यंत पेटली, कुशीवर कलंडली आणि उथळ पाण्यांत बसली. युद्धानंतर युगोस्लाव्ह लोकांनीं तिचें पोलाद तोडून नेलें.

अमेरिकनांनीं याहून मोठा बाण काढला आणि गमतीनें त्याचें नांव ठेवलें 'टायनी टिम', म्हणजे चिमुकला टिम. त्याचा व्यास पावणेबारा इंच. हा आंकडा कोणा गणितज्ञाच्या डोक्यांतून निघाला नव्हता. तेलाच्या विहिरींना लागणारे त्या मापाचे पोलादी नळ बाजारांत तयार मिळत होते, आणि ५०० पौंडी कवचभेदी बाँबही त्याच मापाचा होता. दोन्ही जोडलीं आणि सुमारें १,२५० पौंडांचा बाण झाला. इतकी मोठी ज्वाळा पंखाखालीं पेटविणें धोक्याचें, म्हणून बाण आधीं खालीं सोडीत आणि दोरीला ताण बसला कीं मग तो पेटे.

१९ मार्च १९४५ रोजीं जपानच्या किनाऱ्यापासून सुमारें ५० मैलांवर फ्रँकलिन या विमानवाहू जहाजावर असे बाण लावलेलीं विमानें पेट्रोल भरून उड्डाणाच्या तयारींत उभीं होतीं. ढगांतून एकच जपानी विमान खालीं आलें आणि त्यानें दोन बाँब टाकले. आग विमानांपर्यंत पोंचली आणि शत्रूच्या जहाजांसाठीं आणलेले टायनी टिम एकामागून एक आपोआप सुटूं लागले. कांहीं समुद्रावरून दूर गेले, कांहीं आपल्याच तक्तपोशीवरून सरपटत, किंचाळत धांवले. आग विझविणारे खलाशी प्रत्येक वेळीं पालथे पडत आणि पुन्हां उठून नळ हातीं धरीत. सातशेंहून अधिक माणसें मेलीं. जहाज मात्र बुडालें नाहीं. आरंभीं दुसऱ्या एका युद्धनौकेनें त्याला ओढून नेलें, आणि मग स्वतःच्या वाफेवर तें पर्ल हार्बरमार्गें न्यूयॉर्कला जाऊन लागलें.