परक्या घरातले पहिले दिवस

1883 सालच्या फेब्रुवारीत बंगालमधल्या सेरामपूर इथे एका मराठी मुलीने जाहीर सभेत भाषण केलं. तिला अठरावं वर्ष पूर्ण व्हायला अजून महिना होता. ती अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला निघाली होती आणि लोकांचे प्रश्न संपत नव्हते. नवऱ्याशिवाय एकटी कशी राहणार? धर्म बुडाला तर? जातीने वाळीत टाकलं तर? आनंदीबाई जोशींनी एकेका प्रश्नाला उत्तर दिलं आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असं ठामपणे सांगितलं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. दहावी-अकरावीतल्या मुलीने परदेशी शिष्यवृत्तीचं नाव काढलं की अब्बा-अम्मींचे प्रश्न असेच असतात, फक्त शब्द बदलतात. हलालचं काय? नमाज कुठे पढणार? तरुण मुलगी वर्षभर परक्यांच्या घरात? या प्रश्नांना हसण्यात अर्थ नाही, ते काळजीतून येतात. पण ते एकट्या मुसलमानांचे नाहीत, हे आपण विसरतो.

आनंदीबाई जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. ओळख होती ती फक्त पत्रांची. कार्पेंटरबाई ख्रिस्ती होत्या, तरी पाहुणीची साडी आणि तिचं शाकाहारी जेवण त्या घराने सांभाळून घेतलं. पुढे फिलाडेल्फियातल्या कॉलेजात गेल्यावर मात्र हाल झाले. खोलीतली शेगडी धूर ओकायची. ती पेटवली तर धूर, विझवली तर हाडं गोठवणारी थंडी. तब्येत खालावत गेली. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि त्या कुटुंबाच्या पोकीप्सी इथल्या दफनभूमीत विसावली. पाहुणीचं नातं इतक्या दूरवर गेलं.

शाळकरी मुलांनी परदेशातल्या कुटुंबात राहून शिकायचं, ही पद्धत संस्थेच्या रूपाने रुजली ती युद्धानंतर. 1915 मध्ये काही अमेरिकन स्वयंसेवक फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना रुग्णवाहिकेतून नेत होते. त्यांची संघटना म्हणजे अमेरिकन फील्ड सर्व्हिस. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी हेच काम केलं. जखमी वाहून नेणाऱ्या या लोकांनी मग ठरवलं, की वेगवेगळ्या देशांची मुलं एकमेकांच्या घरात राहिली तर कदाचित पुढचं युद्ध टळेल. 1947 मध्ये दहा देशांतले 52 विद्यार्थी अमेरिकेत आले.

आपल्या मुलांसाठी महत्त्वाचं वर्ष 2002. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर एडवर्ड केनेडी आणि रिचर्ड लुगर या दोन सिनेटरांच्या पुढाकाराने 'येस' ही शिष्यवृत्ती सुरू झाली. मुस्लिम लोकसंख्या मोठी असलेल्या देशांतली शाळकरी मुलं वर्षभर अमेरिकन कुटुंबात राहतात, तिथल्या हायस्कुलात शिकतात. भारतही त्यात आहे. खर्च अमेरिकन सरकारचा, तेव्हा यात सरकारचं राजकारण आहे, हे उघड आहे. पण ज्या घरात मूल राहतं, ते घर त्यासाठी पगार घेत नाही.

पहिले दिवस कठीणच असतात. दुपारी डोळे मिटतात, रात्री टक्क जाग. शाळेच्या कॅन्टीनमध्ये ताटात कसलं मांस आहे, हे कळत नाही. घरात कुत्रा, मग नमाजेची जागा कुठली? लहानपणापासून पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेल्या मुलाला तिथे किब्ला ईशान्येकडे सापडतो. दिशासुद्धा नव्याने शिकावी लागते, पण किब्ला तोच असतो.

त्याहून जड ओझं दुसरंच. वर्गात कुणीतरी विचारतं, तुमच्यात असं का करतात? सोळा वर्षांच्या पोराला एकदम सगळ्या उम्मतचा वकील व्हावं लागतं. मी मुलांना सांगते, तुम्ही तिथे वकील नाही, मेहमान आहात. जे माहीत आहे ते सांगा, नाही ते 'माहीत नाही' म्हणा. "मी डुकराचं मांस खात नाही, पण तुमच्यासोबत टेबलावर बसायला मला आवडेल" हे वाक्य इंग्रजीत नीट म्हणता आलं, तर अर्धी अडचण सुटते. ज्याला नम्रपणे नाही म्हणता येतं, त्याचं ईमान सहज डगमगत नाही.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे: मुलीला थांबवण्याआधी तिला तयार करा. यजमान घराची माहिती मागा, संस्थेला प्रश्न विचारा, अडचण आली तर कुणाला फोन करायचा ते तिच्याकडून पाठ करून घ्या. तेवढं करूनही मन मानलं नाही तर नाही म्हणा; पण लोक काय म्हणतील, या भीतीने नव्हे.

आणि देवाणघेवाण म्हटली की घेणं आलं तसं देणंही आलं. उद्या एखादं परदेशी मूल आपल्या मोहल्ल्यात वर्षभर राहायला आलं, त्याला आपलं जेवण तिखट लागलं, त्याची प्रार्थना वेगळी निघाली, तर आपल्यापैकी किती घरं दार उघडतील? त्याचीही तयारी आजपासूनच करायला हवी.