तळटीप: पीडीपी-10 वरचे ‘सेव्ह’
¹ लेखक इथे ‘प्रोग्राम सेव्ह केला’ म्हणतात, ते मजकूर साठवण्याविषयी नाही. पीडीपी-10 वर टॉप्स-10 प्रणालीत कंट्रोल-सी दाबून चालता प्रोग्राम थांबवायचा आणि टेलिटाइपवर सेव्ह ही आज्ञा टंकायची. त्या क्षणी स्मृतीत जे असेल, सूचना आणि चलांची मूल्ये, ते डिस्कवरच्या फाइलीत उतरे. शून्यांनी भरलेले भाग गाळले जात. नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचे, कारण यंत्राचा शब्द 36 बिटांचा आणि नावातले अक्षर 6 बिटांचे. अख्खे नाव एका शब्दात मावे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सत्तरच्या दशकात याच घराण्याचे डीईसी-10 यंत्र होते, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा हात या आज्ञेवर बसला असणार. तिची खरी ताकद दुरुस्तीत दिसे. डीडीटी या डीबगरने स्मृतीतली चुकीची सूचना जागच्या जागी बदलायची, लगेच सेव्ह करायचे. पुन्हा कंपाइल करत बसायला नको. मात्र मूळ मजकुरातही ती दुरुस्ती हाताने करावी लागे. ती राहून गेली, तर पुढच्या कंपाइलला जुनी चूक पुन्हा हजर. प्रकरणातला घोळ नेमका याच प्रकारचा आहे.