पिकथॉल : एका आडनावाचा पत्ता

इंग्रजीतून कुरआन वाचणाऱ्या मराठी मुसलमानाच्या कपाटात दोन अनुवादकांची नावे बहुधा सापडतातच. एक अब्दुल्ला यूसुफ अली, दुसरे मार्मड्यूक पिकथॉल. यूसुफ अली हे नाव कोणत्याही मोहल्ल्यात भेटेल. पिकथॉल मात्र त्या मुखपृष्ठाखेरीज आपल्याला कुठेच भेटत नाही. खुद्द इंग्लंडमध्येही ते सहसा भेटत नाही. स्मिथ, टेलर, ब्राऊन ही तिथली गल्लोगल्ली आढळणारी आडनावे. पिकथॉल त्यांच्या अगदी उलट टोकाचे. थोडी घरे, आणि तीही पिढ्यानपिढ्या एकाच कोपऱ्यातली.

या आडनावाचा माग काढावासा वाटला, त्याला कारण आहे. आपल्याकडे आडनाव म्हणजे नुसती ओळख नसते, तो एक जबाबही असतो. मुसलमानाच्या आडनावाला शेवटी 'कर' असेल, तर प्रत्येक नव्या ओळखीत त्याला हा जबाब द्यावा लागतो. मीही देत आलो आहे. "आडनाव तर आमच्यासारखंच आहे!" हे वाक्य कधी कौतुकाने येते, कधी संशयाने. आणि आपल्या माणसांत जाऊन बसावे, तर तिथे दुसरा प्रश्न तयार असतो, "तुमचं खानदान मूळचं कुठलं? बाहेरून आलेलं ना?" एक म्हणतो, तुम्ही मूळचे आमचेच. दुसरा म्हणतो, आपण मूळचे इथले नव्हेच. या दोन्ही प्रश्नांकडे जरा लांबून बघायचे असेल, तर पिकथॉल या आडनावाचा प्रवास बघण्यासारखा आहे.

इंग्लंडमध्ये वंशपरंपरेने चालणारी आडनावे रुजली ती १०६६च्या नॉर्मन विजयानंतर. आधी जमीनदार घराण्यांत, मग हळूहळू सामान्य लोकांत. दक्षिणेत हे काम चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बरेचसे झाले. उत्तरेत त्याला आणखी वेळ लागला. या आडनावांचे ढोबळ चार प्रकार सांगतात. बापाच्या नावावरून, धंद्यावरून, टोपणनावावरून आणि जागेवरून. पिकथॉल हे चौथ्या प्रकारातले. म्हणजे सरळ आपले 'कर'.

जागेवरून आलेल्या आडनावाची एक गंमत असते. ते नाव त्या जागेवर राहणाऱ्याला सहसा मिळत नाही. चिपळुणात सगळेच चिपळूणचे, तिथे कोणाला चिपळूणकर म्हणून काय उपयोग? माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला त्याच्या गावावरून ओळखू लागतात. गावाचे नाव लावणारे आडनाव म्हणजे कोणीतरी, केव्हातरी, ते गाव सोडल्याची नोंद असते. जागा मोठे शहर असेल तर तिथून अनेक घराणी निघतात आणि एकमेकांशी नाते नसूनही एकच आडनाव लावतात. जागा एखाददुसऱ्या घराची वाडी असेल, तर ते आडनाव घेऊन बाहेर पडणारे कुटुंबही एखाददुसरेच. आडनाव दुर्मीळ राहते ते त्यामुळे.

पिकथॉलची जागा अशीच लहान. इंग्लंडच्या वायव्येला फर्नेस नावाचा भूभाग आहे. आज तो कम्ब्रियात मोडतो. १९७४पर्यंत तो लँकेशायरचा भाग होता, पण उरलेल्या लँकेशायरपासून तुटलेला. मध्ये मोरकमचा उपसागर. ओहोटीला पाणी मागे हटले की वाळूवरून चालत पलीकडे जायचे, आणि भरतीची वेळ चुकली तर जीव जायचा. रेल्वे येईपर्यंत तिकडे जाण्याचा जवळचा रस्ता हाच होता. म्हणून या भागाला 'वाळूपलीकडचे लँकेशायर' म्हणत. उत्तरेकडे डोंगर आणि तळी, पश्चिमेला डडन नदी, तिच्या पलीकडे कंबरलंड. वर्डस्वर्थ ज्या हॉक्सहेडच्या शाळेत शिकला, ते गाव या फर्नेसच्याच डोंगरपट्ट्यात.

अशा मुलखात माणसे फार हलत नाहीत आणि आडनावेही हलत नाहीत. मेंढ्या, लहान लहान शेते, दूरदूरची घरे. त्या एकेका ठिकाणावरून एकेक आडनाव निघाले. संख्याशास्त्र शिकलेल्यांना सॅटर्थवेट हे नाव सूत्रांमुळे ठाऊक असते. तेही फर्नेसमधल्या एका गावाचेच नाव. त्यातला 'थ्वेट' हा शब्द नॉर्स लोकांचा, म्हणजे समुद्रमार्गे येऊन या किनाऱ्यावर वसलेल्या व्हायकिंगांचा. अर्थ, झाडे तोडून मोकळी केलेली जागा. याच भागात उलटाही प्रकार घडला. फर्नेसच्या मठाने कुळांना पडीक जमीन बांध घालून कसायला दिली, तेव्हा त्या तुकड्यांना कुळांची नावे चिकटली. हॉक्सहेडजवळ वॉकर ग्राउंड, कीन ग्राउंड अशी ठिकाणे आजही आहेत. जमिनीने माणसाला नाव दिले आणि माणसाने जमिनीला.

हे सारे कळते कसे? इंग्लंडमध्ये कागद टिकले म्हणून. १५३८मध्ये प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम निघाला. १८३७पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. आणि ३ एप्रिल १८८१च्या रात्री झालेल्या जनगणनेतले एकूण एक नाव पुढे उतरवून काढले गेले, त्यामुळे कोणते आडनाव कुठे किती दाट होते याचा नकाशाच काढता येतो. त्याआधी हेन्री गप्पी यांनी १८९०च्या आपल्या पुस्तकात एक साधी युक्ती वापरली होती. त्यांनी फक्त शेतकऱ्यांची आडनावे तपासली. कारण शेतकरी जमिनीला बांधलेला असतो. आडनावाचे माहेर शोधायचे तर त्याच्याकडे जावे.

पुढे विज्ञानही मदतीला आले. आडनाव बापाकडून मुलाकडे जाते आणि वाय गुणसूत्रही. २००० साली ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाचे पुरुष तपासले, तेव्हा त्यातल्या जवळपास निम्म्यांचे वाय गुणसूत्र एकाच प्रकारचे निघाले. २००९मध्ये टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावे घेतली. स्मिथसारख्या आडनावात काहीच समान धागा दिसेना. पण आडनाव जितके दुर्मीळ, तितके नाते घट्ट. 'गांधी' चित्रपटामुळे आपल्याला परिचित असलेले ॲटनबरो हे आडनाव त्यांनी तपासलेल्यांपैकी एक. त्या आडनावाच्या ८७ टक्के पुरुषांचा वाय प्रकार एकच होता.

आता पिकथॉल घराण्याकडे येऊ. आडनावाचे कोशकार फर्नेसमधल्या जागेकडे बोट दाखवतात. घराण्यात मात्र वेगळीच कथा चालत आली होती. विजेत्या विल्यमबरोबर आलेला सरदार सर रॉजर द पुआतू हा आपला मूळपुरुष आणि त्याच्या 'पुआतू'चेच पुढे 'पिकथॉल' झाले, अशी ती कथा.

हा रॉजर खराखुरा होऊन गेला. आजच्या लँकेशायरचा मोठा मुलूख त्याच्या ताब्यात होता. पण त्याचा जन्म फ्रान्समधल्या पुआतू प्रांतातला नव्हता. तो माँगमेरी या नॉर्मन घराण्याचा मुलगा. बायको तिकडची, म्हणून त्याला पुआतूवाला म्हणत. ११०२मध्ये भावांबरोबर राजाविरुद्ध उठल्यामुळे त्याची इंग्लंडमधली सारी जहागीर गेली आणि तो बायकोच्या मुलखात निघून गेला. म्हणजे ज्याच्यावरून घराण्याने मोठेपणा घ्यायचा, त्याचे आडनावच सासरवाडीचे होते आणि इथला त्याचा मुक्कामही थोडक्यात आटोपला.

मला यात हसण्यासारखे काही वाटत नाही, कारण हे दुखणे आपल्या घरातले आहे. विल्यमबरोबर आलो, असे सांगण्याची हौस इंग्लंडच्या कितीतरी घराण्यांना होती. विजेत्याबरोबर आलेला तो खानदानी आणि आधीपासून मेंढ्या राखत असलेला तो सामान्य, अशी ती मोजणी. आपल्याकडचे शजरे काढून बघा. अरबस्तान, इराण, बुखारा, बगदाद. नांगर धरणारा, जाळे टाकणारा, हातमागावर बसणारा पूर्वज फारसा सापडत नाही. कोकणच्या बंदरांत अरब व्यापारी आले आणि इथे संसार करून राहिले, हा इतिहास खराच आहे. पण प्रत्येक घराला एकेक अरब पुरवायचा तर जहाजे कमी पडतील.

पिकथॉल हे आडनाव फर्नेसमधून बाहेर पडले ते पोटापाण्यासाठी. मार्मड्यूक यांचे वडील चार्ल्स ग्रेसन पिकथॉल हे अँग्लिकन धर्मगुरू. त्यांची नेमणूक देशाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडच्या सफोकमधल्या चिल्सफोर्ड गावी. मार्मड्यूक यांचा जन्म लंडनमधला, ७ एप्रिल १८७५चा. याच आडनावाची मार्जरी पिकथॉल ही मुलगी १८८३मध्ये लंडनजवळ जन्मली, लहानपणीच आईवडिलांबरोबर टोरोंटोला गेली आणि कॅनडातली नावाजलेली कवयित्री झाली. दुर्मीळ आडनावे अशीच पसरतात. कोणाची बदली, कोणाचे जहाज.

मार्मड्यूक यांचा रस्ता सगळ्यांत लांबचा. तरुणपणीच ते सीरिया, पॅलेस्टाईनकडे गेले, अरबी शिकले आणि त्या मुलखावर कादंबऱ्या लिहिल्या. नोव्हेंबर १९१७मध्ये लंडनमध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारल्याचे जाहीर केले. युरोप तुर्कांशी लढत असतानाचे ते दिवस. १९२०मध्ये ते मुंबईला आले ते 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक म्हणून. त्या खुर्चीवर पूर्वी बी. जी. हॉर्निमन होते, ज्यांना १९१९मध्ये सरकारने हद्दपार केले होते. हॉर्निमन हेही तसे कमी आढळणारे आडनाव. आज फोर्टमधल्या हॉर्निमन सर्कलमुळे ते मुंबईच्या नकाशावर आहे. फर्नेसमध्ये जागेचे आडनाव झाले, मुंबईत आडनावाची जागा झाली.

१९२४पर्यंत पिकथॉल मुंबईत होते. मग ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात गेले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तिथे त्यांनी चादरघाटच्या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले, 'इस्लामिक कल्चर' हे त्रैमासिक चालवले आणि निजामाने दिलेल्या भरपगारी रजेत कुरआनचा अनुवाद पुरा केला. १९३०मध्ये तो प्रसिद्ध झाला.

इस्लाम स्वीकारल्यावर त्यांनी 'मुहम्मद' हे नाव जोडले. मार्मड्यूक आणि पिकथॉल दोन्ही तसेच राहिले. ही काही सवलत नव्हती. सूरह अहजाबची शिकवणच अशी की, माणसाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारा. हजरत जैद यांना लोक जैद बिन मुहम्मद म्हणू लागले होते. प्रेषितांचा मुलगा म्हणवून घेण्याहून मोठा मान कोणता? तरीही ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले आणि तेच राहिले. धर्म मनाने स्वीकारायचा असतो, त्यासाठी बाप बदलावा लागत नाही. लिव्हरपूलमध्ये मशीद उभारणारे अब्दुल्ला क्विल्यम यांनीही इस्लाम स्वीकारताना आपले क्विल्यम सोडले नाही. ते आडनाव आयल ऑफ मॅन या बेटावरचे. मूळ रूप मॅक विल्यम, म्हणजे विल्यमचा मुलगा. हे बेट फर्नेसच्या समोरच्याच समुद्रात आहे. एकाच समुद्राच्या दोन काठांवरची दोन आडनावे, आणि दोन्ही मुसलमानांच्या इतिहासात येऊन बसली.

पिकथॉल १९ मे १९३६ला कॉर्नवॉलमध्ये वारले. सरेमधल्या ब्रुकवुड कबरस्तानात त्यांची कबर आहे. क्विल्यम तिथेच आहेत, आणि मुंबईत जन्मलेले अब्दुल्ला यूसुफ अलीही तिथेच. पिकथॉल यांना मूलबाळ नव्हते. त्यांच्या शाखेत आडनाव त्यांच्यापाशीच थांबले. पण आज ते जितक्या मुस्लिम घरांत वाचले जाते, तितकी पिकथॉलांची घरे फर्नेसने कधी पाहिली नसतील.

आता आपल्या दोन प्रश्नांकडे. 'कर' हा प्रत्यय कोणा एका धर्माचा कधीच नव्हता. अलिबाग-पेणकडच्या बेने इस्रायली यहुद्यांत केहिमकर आहेत, पेणकर आहेत, दिवेकर आहेत. त्यांना कोणी विचारत नाही की तुम्ही खरे यहुदी कसे. गावाचे आडनाव इतकेच सांगते की या माणसाचे कोणीतरी त्या गावात राहत होते आणि एक दिवस तिथून निघाले. ते तिथे नमाज पढत होते की पूजा करत होते, हे आडनाव सांगत नाही. तसे वदवून घेणे हा त्याच्यावर जुलूम आहे, मग तो करणारा बाहेरचा असो वा आपला.

इंग्लंडच्या लोकांकडे चर्चच्या वह्या होत्या. आपल्याकडे आहेत जुने सातबारे, जमातीच्या नोंदवह्या, निकाहनामे आणि अजून हयात असलेली चार म्हातारी माणसे. त्यांना मूळपुरुष कोणत्या देशातून आला हे विचारू नका. त्याचे उत्तर ठरलेले असते. विचारा की आपले पहिले घर कोणत्या गावात होते, शेत कोणत्या ओढ्याला लागून होते, आणि ते का सोडावे लागले. जे सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा. सरदार सापडणार नाही कदाचित. पत्ता मात्र सापडेल.